दोन वाटा, एक उत्तर

एकच हिशेब दोन वाटांनीं केला आणि उत्तरें निराळीं आलीं, तर चूक कोणाची, हा वाद घरोघरीं होतो. गणितांतील अशाच दोन वाटा ह्या वेळीं आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

सहा तासांचें घड्याळ घ्यावें. त्यांत ६ म्हणजेच ०. त्यावरील कोणत्या आंकड्यांची चौपट शून्यावर येते? ० व ३, ह्या दोहोंचीच. आतां चार तासांचें घड्याळ घेऊन सहापट करावी. ० व २ हे आंकडे शून्यावर येतात, पुन्हां दोनच!

हा योगायोग नव्हे. ४ व ६ ह्यांचा महत्तम साधारण विभाजक २ आहे. आंरी कार्तां व सॅम्युएल आयलेनबर्ग ह्यांच्या ‘होमॉलॉजिकल आल्जिब्रा’ ह्या १९५६ सालच्या ग्रंथांत अशा जुळणीचा व्यापक सिद्धांत आहे. त्यांतील युक्ति घरच्या जमाखर्चासारखीच. दोन्ही वाटा एका कोष्टकांत मांडावयाच्या. मग ओळी आधीं मिटवा कीं रकाने, अखेरची बाकी एकच.

उत्तर वाटेगणिक बदलतें, तर त्यानें घड्याळांविषयीं नव्हे, हिशेब करणाराविषयींच कांहीं सांगितलें असतें. म्हणून ही जुळणी सिद्ध करणें हा नुसता सोपस्कार नव्हे. तिच्यामुळेंच उत्तर दोन्ही घड्याळांच्या समाईक मालकीचें ठरतें.