एक जीव, दोन नांवें

आमचा पुतण्या पुण्यास भूगर्भशास्त्र शिकतो. सुटींत नाशकास आला असतां एके सायंकाळीं त्यानें घरांतील लहानथोर मंडळींस जमवून संगणकाच्या पडद्यावर एक चित्र दाखविलें. मध्यें वाटोळा गोळा, त्यास सर्व बाजूंनीं कांटे, आणि प्रत्येक कांट्याच्या टोकास पुन्हां बारीक फांटे. कोणी म्हणालें धोत्र्याचें बोंड, कोणी म्हणालें कदंबाचें फूल. पुतण्यानें सांगितलें कीं, हा डायनोफ्लॅजेलेट नांवाच्या सूक्ष्म जीवाचा अश्मीभूत कोश आहे. 'डायनो' हीं अक्षरें ऐकतांच धाकट्या नातीनें विचारलें, "हा डायनॉसोरचा कोण?"

वस्तुतः नातें कांहींच नाहीं. डायनॉसोरमधील 'डायनो' हा भयंकर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. येथील 'डायनो' हा गरगर फिरणें या अर्थाच्या निराळ्याच शब्दावरून. नुसत्या उच्चारसाम्यावरून गोत्र ठरवूं नये, हा पहिला धडा आम्हांस तेथेंच मिळाला.

हा जीव एकाच पेशीचा. बहुतेक जाति समुद्रांत राहतात, कांहीं गोड्या पाण्यांतही आढळतात. त्यास चाबकासारखे दोन तंतु असतात. एक कमरेभोंवतालच्या खांचेंत, दुसरा मागें लोंबणारा. त्यांच्या योगानें तो भोंवऱ्यासारख्या गिरक्या घेत पोहतो. कोंकणच्या किनाऱ्यावर कधीं कधीं रात्रीं लाटा निळ्या उजेडानें चमकतात, त्यास कारण याच कुळांतील नॉक्टिल्यूका नांवाचा जीव होय. पुष्कळ जातींच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचें चिलखत असतें. पण मरणानंतर तें कुजून जातें. मग त्याचा अश्म होणार कसा? तर कांहीं जातींत दोन पेशींच्या मीलनानंतर चिलखताच्या आंत एक कणखर कोश तयार होतो व त्यांत तो जीव निद्रिस्त होऊन तळाच्या गाळांत पडून राहतो. अनुकूल काळ येतांच कोशाच्या भिंतीचा एक ठराविक तुकडा झांकणासारखा निघतो व जीव बाहेर पोहत जातो. मागें राहिलेला रिकामा कोश इतका चिवट कीं, ज्या आम्लांत खडक विरघळवितात त्यांतूनही तो शाबूत निघतो. अंड्यांतून दुसऱ्यांदा जन्मतो म्हणून संस्कृतांत पक्ष्यास द्विज म्हणतात. त्या न्यायानें हाही द्विजच म्हणावयाचा.

चित्रांतील जातीचें नांव स्पिनिफेरायटीस रामोसस, म्हणजे फांटे असलेला कांटेधारी. मधला गोळा मिलिमीटरच्या सुमारें पंचविसाव्या हिश्शाएवढा. परंतु या नांवाचा इतिहास त्याच्या रूपाहूनही कांटेरी आहे. सुमारें १८३७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनीं चकमकीच्या गारेचे पातळ तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तेव्हां त्यांस हे गोळे दिसले. गोड्या पाण्यांत झँथिडियम नांवाची एक कांटेरी वनस्पति असते. तिच्याशीं रूपसाम्य पाहून त्यांनीं यांस तेंच नांव दिलें. नवल असें कीं, पट्ट्यांचें रूप स्पष्ट दिसणारे डायनोफ्लॅजेलेट त्यांनीं अशाच गारांत ओळखले होते. पण हे कांटेरी गोळे त्यांचेच भाऊबंद होत, हें त्यांच्या ध्यानीं आलें नाहीं. पुढें इग्वानोडॉन या डायनॉसोरचें वर्णन करणारे इंग्लंडांतील डॉक्टर मँटेल यांनीं १८५० सालीं स्पिनिफेरायटीस हें नांव योजिलें. १९३३ सालीं ओट्टो वेट्झेल यांनीं साळिंदराच्या ग्रीक नांवावरून अशा सर्व गोळ्यांचें एक कुळच स्थापिलें. कुळास नांव मिळालें, पण मूळ पुरुष कोण हें कोणास ठाऊक नव्हतें. कांटे दिसले कीं त्या कोठारांत टाकावें, असा परिपाठ पडला.

१९६१ सालीं अमेरिकेंतील एव्हिट यांनीं कांटे किती हें पाहण्याऐवजीं ते कोठें आहेत हें पाहिलें. या जातीचे कांटे वाटेल तेथें उगवलेले नाहींत; चिलखताच्या पट्ट्यांचे कोपरे जेथें मिळतात, नेमके तेथें ते उभे आहेत. कमरेच्या खांचेची खूणही कोशावर उमटलेली आहे. आणि अंगावरील भोंक नेहमीं एकाच जागीं, पाठीकडील एका ठराविक पट्टीच्या आकाराचें. म्हणजे तें मोडतोडीचें भोंक नसून बाहेर पडण्याचें दार होतें! ज्या गोळ्यांस अशी खूण सांपडेना, त्यांची एव्हिट यांनीं १९६३ सालीं 'मूळ अनिश्चित' या अर्थाच्या नांवानें वेगळी रास केली. हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडला.

तरीही प्रत्यक्ष प्रमाण उरलेंच होतें. तें वुड्स होल येथील वॉल आणि डेल यांनीं त्याच दशकांत मिळविलें. समुद्राच्या गाळांतून त्यांनीं जिवंत कोश आणले आणि त्यांतून काय निघतें हें पाहत राहिले. स्पिनिफेरायटीसच्या कोशांतून जो जीव बाहेर आला, त्यास शास्त्रांत पूर्वींच गोनिऑलॅक्स हें नांव होतें. एक जीव, दोन नांवें! उलट एकसारखे दिसणारे गोनिऑलॅक्स निरनिराळ्या कोशांतूनही निघाले. म्हणून दोन्ही नांवें आजही ठेविलेलीं आहेत, आणि नियमांचीही त्यास मुभा आहे. कारण जो जीव कोट्यवधि वर्षांपूर्वीं नष्ट झाला, त्याचा कोश उबवून पाहणार कसा?

"आपल्या नाशकांत असे कोश सांपडतील का?" असें नातीनें विचारलें. आपला काळा फत्तर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीवर वाहिलेल्या तप्त रसाचा आहे; त्यांत समुद्राचे कोश कोठून असणार? ते कच्छांत, कावेरीच्या खोऱ्यांत, मेघालयांत मिळतात. लखनौस १९४६ सालीं स्थापन झालेल्या बिरबल साहनींच्या संस्थेंत त्यांचा अभ्यास होतो. तसेंच पश्चिम किनाऱ्यावरील गाळांतले आजचे कोश गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेनें तपासले आहेत. काळागणिक कोशांचीं रूपें बदलत गेल्यामुळें थरांचें वय ठरविण्यास व तेलाच्या शोधास त्यांचा मोठा उपयोग होतो.

हें सर्व आमच्या कुटुंबानें निवडणें बाजूस ठेवून ऐकलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे, तो बाहेर येतांना कोणीतरी जवळ बसून पाहिला, तेव्हां खरें कळलें." बोलतांना त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. कां पाहिलें, हें वाचकांस सांगणें प्राप्त आहे.

आमच्या पणजोबांच्या कागदांत उमा आणि गोदावरी अशीं दोन स्त्रियांचीं नांवें आहेत. त्यावरून पणजोबांचीं दोन लग्नें झालीं असें आम्हीं ठरविलें, वंशावळींत दोन चौकटी आंखल्या, आणि सर्वपित्रीस दोघींचीं नांवें वेगळीं उच्चारूं लागलों. कुटुंबानें तेव्हांच सांगितलें होतें कीं, उमा हें गोदावरीबाईंचेंच माहेरचें नांव. लग्नांत ताम्हणांतल्या तांदळांवर अंगठीनें नवें नांव लिहिलें, तें गोदावरी. हें त्यांस आमच्या मातोश्रींनीं सांगितलें होतें, आणि मातोश्रींनीं तर आपल्या त्या आजेसासूबाईंची शेवटपर्यंत सेवा केली होती. परंतु आम्ही पडलों मास्तर. कागदापुढें तोंडची गोष्ट हा पुरावा नव्हे, असें म्हणून आम्हीं त्यांस गप्प केलें. बावीस वर्षांनीं रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वहींत पणजीच्या माहेरचें पान निघालें. त्यांत लिहिलें होतें: कन्या उमा, सासरचें नांव गोदावरी. आम्हीं घरीं येऊन वंशावळींतील एक चौकट गुपचूप खोडली. मात्र चूक झाली हें घरांत बोललों नाहीं.

तें आज येथें बोलत आहों. ज्यांनीं त्या माउलीस जवळून पाहिलें होतें त्यांची साक्ष आमच्या हाताशीं होती, आणि आम्हीं ती मोजली नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं वंशावळीची वही पुन्हां काढली. आमच्या घरांतील प्रत्येक सुनेच्या नांवाखालीं तिचें माहेरचें नांव लिहावयाचें ठरलें. पांच नांवें कुटुंबास ठाऊक होतीं. तीं त्यांनीं सांगितलीं व आम्हीं लिहून घेतलीं. दोन जागा रिकाम्या आहेत. तेथें तर्कानें कांहीं न लिहितां 'अनिश्चित' असें लिहून ठेविलें आहे. आपल्या घरीं कोणी वडील बाई असतील, तर वाचकांनीं त्यांस आजच विचारून घ्यावें.