रक्तात नव्हे, हातात!

जपानी माणसाच्या रक्तातच कारागिरी आहे, हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा ऐकू येते, की ते उच्चारणाऱ्याला त्याचा अर्थ विचारणेही उद्धटपणाचे वाटावे. तिकडची एखादी देखणी खुर्ची किंवा कागदाचा दिवा चित्रात पाहिला, की आपण मान डोलावतो, "त्यांची गोष्टच वेगळी!" म्हणतो आणि पान उलटतो. मला या कौतुकाचा राग येतो. रक्ताचे नाव घेतले की शिकण्याची, शिकवण्याची आणि पैसे मोजण्याची जबाबदारी आपोआप टळते, म्हणून राग येतो.

ज्यांची नावे या कौतुकात पुढे केली जातात, ती माणसेच पाहा. जॉर्ज नाकाशिमा यांची लाकडी मेजे जगभर वाखाणली गेली. झाडाची मूळ कड ते तशीच ठेवीत, आणि फळीला तडा असला तर तो लपवण्याऐवजी फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवून त्याला धरून ठेवीत. हे गृहस्थ 1905 साली अमेरिकेत जन्मले. शिक्षणाने वास्तुकार, महायुद्धापूर्वी पाँडिचेरीला अरविंदाश्रमाच्या गोलकोंड या वसतिगृहाच्या बांधकामावर त्यांनी काम केले. 1942 साली जपानी वंशाचे म्हणून अमेरिकन सरकारने त्यांना छावणीत डांबले. तेथे गेन्तारो हिकोगावा नावाचा सुतार भेटला, आणि त्याच्या हाताखाली नाकाशिमांनी जपानी पद्धतीचे सांधे आणि हत्यारे आत्मसात केली. रक्त जन्मापासून अंगात होतेच. पण विद्या मात्र सदतिशीत, तीही तारेच्या कुंपणाआड, गुरूकडूनच घ्यावी लागली!

दुसरे इसामू नोगुची. वडील जपानी कवी, आई अमेरिकन. हे मूर्तिकार 1951 साली गिफू या गावी थांबले. तेथल्या नदीवर रात्री दिव्यांच्या उजेडात पाणकावळ्यांकरवी मासेमारी चालते, ती त्यांनी पाहिली. गिफूचे कागदी कंदील पूर्वापार प्रसिद्ध. पण धंदा उतरणीला लागलेला. नगराध्यक्षांनी पाहुण्याला गळ घातली : आमच्या कंदिलांसाठी काही करा.

येथे आपल्याकडचा परंपराभिमानी काय करता? त्याने सत्कारसमारंभ घडवून आणला असता, जुन्या कंदिलांचे प्रदर्शन मांडले असते आणि "या ठेव्याला हात लावू नका" असे बजावले असते. नोगुचींनी नेमका हात लावला. कागदावरची फुलापानांची चित्रे त्यांनी काढून टाकली, मेणबत्तीच्या जागी विजेचा दिवा आणला, घाट बदलले. पण कामाची रीत बदलली नाही. लाकडाच्या तुकड्यांचा साचा उभा करायचा, त्याभोवती बांबूची बारीक कामटी गुंडाळीत न्यायची, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या पट्ट्या तिच्यावर चिकटवायच्या आणि वाळल्यावर आतला साचा तुकड्यातुकड्यांनी काढून घ्यायचा. उरतो तो घडी होऊन चपट्या खोक्यात मावणारा दिवा. त्याला नाव दिले 'अकारी', म्हणजे प्रकाश. पुढे असे शंभराहून अधिक नमुने झाले, आणि गिफूत ते आजही हातानेच घडतात. घाट नवा, हात जुना!

मग खुर्च्यांचे काय? जपानी घरात पूर्वी बसणे असे ते जमिनीवरच्या चटईवर. म्हणजे जिला आपण 'जपानी परंपरेची खुर्ची' म्हणतो, ती मुळात परंपरेत नव्हतीच. सोरी यानागी यांनी 1954 साली फुलपाखराच्या पंखांसारखी एक बैठक योजली : वाकवलेल्या प्लायवूडचे दोन सारखे तुकडे, मध्ये एक धातूची दांडी. ती बनवली तेंदो गावच्या कारखान्याने. सुतारांनी 1940 साली एकत्र येऊन काढलेल्या याच कारखान्याने युद्धकाळात दारूगोळ्याच्या पेट्या केल्या होत्या. प्लायवूड नवे, यंत्र नवे. जुनी होती ती लाकूड ओळखणारी नजर. यंत्र आले की हात मेला, असे रडगाणे गाणाऱ्यांनी या बैठकीवर घटकाभर बसून विचार करावा.

तेव्हा जपानचे मर्म रक्तात नाही, ते व्यवहारात आहे. इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. 2013 साली बासष्टाव्यांदा बांधले. त्यामुळे प्रत्येक पिढीतल्या सुताराला एकदा तरी ते बांधावेच लागते. पारंपरिक कारागिरीसाठी 1974 साली तेथे कायदा झाला, त्यातली एक अट मला फार मोलाची वाटते : वस्तू मुख्यतः रोजच्या वापराची असली पाहिजे. काचेच्या कपाटातली नव्हे, वापराची! इतके करूनही तिकडे कारागीर कमी होत आहेत आणि तरुण मुले धंद्यात यायला नाखूश आहेत. रक्तातच असते तर ही पाळी का आली असती?

आता आपल्याकडे वळू. मी शाळामास्तर आहे. परीक्षा जवळ आली की हस्तव्यवसायाचा तास गणिताला दिला जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहतो. हाताने चांगले काम करणाऱ्या मुलाला "अभ्यासात कच्चा" हेच प्रशस्तिपत्र मिळते. त्याची आईसुद्धा ओशाळून सांगते, "गुरुजी, याचं डोकं नाही हो चालत, नुसते हात चालतात." ज्या समाजात हात चालणे ही नामुष्की, त्याने जपानचे गोडवे कोणत्या तोंडाने गावेत?

आणि दिवाळीचे काय? बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद यांचा कंदील आपल्यालाही परका नाही. तो करून विकणारा माणूस रस्त्याकडेला बसलेला असतो. मोटारीतून उतरलेली सुशिक्षित मंडळी त्याच्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालतात, आणि घरी जाऊन जपानी दिव्यांच्या साधेपणावर तासभर बोलतात. तोच माणूस पुढच्या वर्षी प्लास्टिकचे तयार कंदील विकायला बसला, की "आपली कला लोपली हो!" म्हणून हळहळणारेही हेच.

कला लोपत नाही. तिला उपाशी ठेवले जाते. वाचकहो, कौतुक पुरे झाले. कंदील विकत घ्या, सांगेल ती किंमत द्या, आणि जमले तर त्याला विचारा, "पुढच्या वर्षी वेगळ्या घाटाचा करून द्याल का?" गिफूच्या नगराध्यक्षांनी याहून फार वेगळे काही विचारले नव्हते.