तीस दिवसांचे सारथी

ज्या देशाने सारथ्याच्या जागी साक्षात भगवंताला बसवले, त्या देशात आज सारथी घडण्यास किती अवधी लागतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ याचे उत्तर देतो : तीस दिवस. शिकाऊ परवाना हाती पडल्यानंतर तीस दिवस सरले की कोणीही चाचणीला उभा राहू शकतो, आणि ती उत्तीर्ण झाला की त्याच्यावर कोणतेही बंधन उरत नाही. काल शेजारी प्रशिक्षक असल्याशिवाय ज्याला मोटार हलवण्याची मुभा नव्हती, तो आज मध्यरात्री चार मित्रांना घेऊन घोडबंदर मार्गावर सुसाट निघू शकतो. कायद्याच्या दृष्टीने तो आणि तीस वर्षे गाडी चालवणारा त्याचा पिता यांच्यात तसूभरही भेद नाही.

ठाण्याचा एमएच ०४ आणि कल्याणचा एमएच ०५ हे क्रमांक मिरवणाऱ्या नव्या गाड्या ज्या रस्त्यांवर येतात, ते रस्ते कसे आहेत? तीन हात नाका, कापूरबावडी, गायमुखचा घाट, कल्याण-शीळ मार्ग, पत्रीपूल. अवजड मालमोटारी, रिक्षा, बसगाड्या आणि पादचारी यांच्या या गर्दीत मुरलेल्या चालकाचीही कसोटी लागते. तेथे नवशिक्याला पहिल्याच दिवशी मोकळे सोडणे, हे पोहणे शिकवण्यासाठी भरतीच्या वेळी खाडीत ढकलण्यासारखे आहे. फरक इतकाच की, येथे बुडणारा बहुधा दुसराच असतो.

तीस दिवसांची ही मुदतही नावापुरती उरली आहे. जून २०२१ मध्ये तत्कालीन महाविकास आघाडी सरकारने शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देण्याची सोय केली. करोनाच्या काळात ती समजण्यासारखी होती. परंतु करोना ओसरला, सरकार बदलले, सोय मात्र राहिली. संगणकासमोर उत्तरे उमेदवार देतो की त्याच्या वतीने अन्य कोणी, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. सोयीला सुधारणा समजण्याची ही चूक आहे. कार्यालयातील हेलपाटे वाचावेत याबद्दल दुमत नाही. पण हेलपाट्यांबरोबर परीक्षाही वाचू लागली, तर तो कारभार सुलभ नव्हे, बेजबाबदार म्हणावा लागेल.

श्रीमंतास सूट, कष्टकऱ्यास अट

मुदत वाढवण्याचा विषय निघाला की एक ठरलेला आक्षेप येतो : "गरिबाच्या पोटावर पाय येईल." वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ प्रमाणे प्रवासी वा माल वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चालकाला वयाची वीस वर्षे पूर्ण करावी लागतात. मालमोटार किंवा बस चालवू इच्छिणाऱ्याला कलम ७ नुसार हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष बाळगल्याखेरीज शिकाऊ परवानाही मिळत नाही. म्हणजे टप्प्याटप्प्याने अधिकार देण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला अमान्य नाही. ते त्याने फक्त पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला लावले. रिक्षा चालवून घर पोसणाऱ्या तरुणाने विसाव्या वर्षापर्यंत थांबावे, आणि वडिलांच्या पैशाने आलेली ताकदवान मोटार अठराव्या वाढदिवशी दामटावी, हा कोणता न्याय?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडले, ते या वृत्तीचेच टोक होते. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे मोटार, आणि दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू. काही तासांतच तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन झाला. जनक्षोभ उसळल्यावर तो निर्णय फिरवावा लागला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. त्या वेळी चर्चा झाली ती शिक्षेची. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ पालकास तीन वर्षे कारावास, २५ हजार रुपये दंड आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवानाबंदी सांगते. कलम कठोर आहे. पण ते लागू होते तेव्हा कोणाच्या तरी घरी तेरावे चालू असते. आणि हाच मुलगा वर्षभराने मोठा असता, तर रीतसर परवाना घेऊन त्याच मोटारीत, त्याच वेळी, तो एकटा बसू शकला असता. या छिद्राकडे कोणी पाहिले नाही.

हे पश्चिमेचे अनुकरण नव्हे

न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने १९९४ मध्ये ती स्वीकारली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये नवा चालक किमान एक वर्ष लाल 'पी' पाटी आणि त्यानंतर किमान दोन वर्षे हिरवी पाटी लावून गाडी चालवतो. ठाणे-डोंबिवलीतून तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलेही या पाट्या निमूटपणे लावतात, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. नव्या चालकास सर्वाधिक धोका एकट्याने गाडी चालवण्याच्या पहिल्या काही महिन्यांत असतो. रात्र आणि समवयस्कांची सोबत तो वाढवते. हा जगभरचा अनुभव आहे.

परंतु हे तत्त्व मुळात आपले आहे. पात्रतेविना अधिकार नाही, हा भारतीय शिक्षणविचाराचा पाया आहे. आखाड्यात पहिल्या दिवशी कोणी कुस्ती लढत नाही. गायकाला वर्षानुवर्षे स्वरसाधना चुकत नाही. संघाच्या प्रशिक्षणात वर्गांची नावे आणि रचना काळानुसार बदलली, पायरी ओलांडून पुढे जाण्याची मुभा मात्र कधी मिळाली नाही. प्रतीक्षा हा तेथे दंड नसतो, तो शिक्षणाचाच भाग असतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. केंद्राने तीस दिवसांची मुदत किमान सहा महिन्यांची करावी. परवान्यानंतरची दोन वर्षे परिवीक्षेची असावीत : गाडीवर ठळक पाटी, रात्री अकरानंतर एकट्याने वाहन चालवण्यास मनाई, सोबत एकाहून अधिक समवयस्क नको. गंभीर नियमभंग झाल्यास मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी. शिकाऊ परवान्याची परीक्षा अधिकाऱ्यासमोरच व्हावी. ठाणे आणि कल्याणच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा.

आरंभ घरापासून

तथापि, कायद्याची वाट पाहत बसणे हा कर्तव्यातून अंग काढून घेण्याचा सभ्य मार्ग आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरता असतो. अकरावीतील मुले शिकवणीला नेतात त्या स्कूटरी बहुधा शंभर सीसीहून मोठ्या असतात. हे पालकांना ठाऊक नाही काय? दहावीला नव्वद टक्के मिळाले म्हणून किल्ली देणारा पिता मुलाला कायदा मोडण्याचा पहिला धडा स्वहस्ते देत असतो. कुटुंब प्रबोधन आणि नागरिक कर्तव्य हे शब्द पंच परिवर्तनाच्या संकल्पात आहेत. ते व्याख्यानापुरते राहणार असतील, तर संकल्पाला अर्थ नाही.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्वातंत्र्यानंतरच्या सर्व युद्धांत मिळून इतके जवान हुतात्मा झाले नाहीत. यात कोणी परका शत्रू नव्हता. देशभक्ती सीमेवर सिद्ध करण्याची संधी थोड्यांना मिळते. सिग्नलवर ती प्रत्येकाला रोज मिळते.

गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीने १९९९ साली सुरू केली आणि गावोगावच्या हिंदू समाजाने ती उचलली. त्या निमित्ताने निघणाऱ्या दुचाकी फेऱ्यांत फेटे दिसतात, ध्वज दिसतात. शिरस्त्राणे मात्र क्वचितच दिसतात. ज्या नगराने महाराष्ट्राला उत्सवाची शिस्त शिकवली, त्याने रस्त्याची शिस्तही शिकवावी. पुढच्या पाडव्याला परवान्याविना एकही मुलगा आणि शिरस्त्राणाविना एकही स्वार यात्रेत असणार नाही, एवढा निश्चय आयोजकांनी करावा. त्यासाठी संसदेच्या दुरुस्तीची गरज नाही.