क्रॉफर्ड प्रकरण : खरे बोलणाऱ्याला दिलेले वचन
#थ्रेड

१/ मुंबईची आजची महात्मा जोतिबा फुले मंडई अनेकांच्या तोंडी अजूनही ‘क्रॉफर्ड मार्केट’ आहे. ज्या आर्थर क्रॉफर्डचे नाव तिला मिळाले, तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तोच मध्य विभागाचा कमिशनर झाला आणि पुणे, सोलापूर आदी जिल्ह्यांतील मामलेदारांचे भवितव्य त्याच्या हाती आले.

२/ सोलापूर, बार्शी, पंढरपूर, करमाळा, सांगोला... प्रत्येक तालुक्याचा कारभार मामलेदार पाही. रयतेच्या दृष्टीने तोच सरकार होता. मात्र त्याची बढती, त्याची बदली ही कमिशनरच्या लेखणीवर अवलंबून. क्रॉफर्ड प्रकरणाचे मूळ या एकवटलेल्या अधिकारात आहे.

३/ आरोप असा होता : सोयीची जागा हवी असेल, गैरसोयीची बदली टाळायची असेल, तर पैसे मोजा. रक्कम थेट साहेबाच्या हाती जात नसे. हणमंतराव या मध्यस्थामार्फत व्यवहार चाले. साहेब कर्जात बुडालेला होता, हे तर उघड गुपित होते.

४/ परमुलखातील कारभाऱ्यांची लाचखोरी ब्रिटिशांना नवी नव्हती. ईस्ट इंडिया कंपनी ही अनेक देशांत व्यवहार करणारी, लंडनमधील संचालकांना उत्तरदायी असलेली संस्था. नोकरांनी नजराणे घेऊ नयेत, असे करार तिने १७६५ मध्ये लिहून घेतले. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने त्या बंदीला कायद्याचे बळ दिले. कॉर्नवॉलिसने पुढे पगार वाढवले.

५/ वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोग १७८८ मध्ये उभा राहिला आणि १७९५ मध्ये निर्दोष सुटकेने संपला. बरोबर शंभर वर्षांनी, १८८८ मध्ये, पुण्यात क्रॉफर्डची चौकशी सुरू झाली. कायदा होता, पगार होता, तरीही रोग गेला नव्हता.

६/ कारण सोपे आहे. लाच देणारा आणि घेणारा, दोघेही गप्प राहतात. पुरावा हवा तर देणाऱ्यानेच तोंड उघडले पाहिजे. म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने मामलेदारांना अभयवचन दिले : खरे सांगा, तुम्हाला शिक्षा होणार नाही. त्या शब्दावर विसंबून अनेकांनी साक्षी दिल्या.

७/ निकाल काय लागला? मध्यस्थ हणमंतरावाला शिक्षा झाली. क्रॉफर्डला मात्र चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपातून मुक्त केले. स्वतःच्या विभागातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका तेवढा राहिला आणि त्याला नोकरी सोडावी लागली. याच क्रॉफर्डने पुढे आठवणींची पुस्तके लिहिली.

८/ मग रोख वळला साक्षीदारांकडे. पैसे देऊन पद मिळवणारा कायद्याने अपात्र ठरतो. मग हे मामलेदार खुर्चीवर कसे, असा प्रश्न इंग्लंडमध्ये विचारला जाऊ लागला. अभयवचन मुंबई सरकारचे, दडपण लंडनचे. शेवटी १८८९ मध्ये साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तरीही काहींच्या नोकऱ्या गेल्याच.

९/ येथे टिळक उभे राहिले. लाच देणे योग्य होते, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सरकारने दिलेला शब्द सरकारने पाळावा, हा त्यांचा मुद्दा होता. बडा साहेब सुटतो आणि त्याच्याविरुद्ध बोलणारा एतद्देशीय नोकर बळी जातो, हा अन्याय त्यांनी जाहीरपणे मांडला.

१०/ मामलेदार निष्पाप होते असे नव्हे. मोजलेली रक्कम अखेर रयतेकडूनच वसूल होण्याचा धोका असतो. पण बळजबरीने दिलेले पैसे आणि स्वखुशीने विकत घेतलेले पद यांत फरक आहे. तो फरक पुसला, तर पुढचा साक्षीदार मिळत नाही.

११/ हाच प्रश्न आजच्या आंतरराष्ट्रीय संस्थांपुढे आहे. इराकसाठीच्या ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजनेत २,२०० हून अधिक कंपन्यांचे गैरव्यवहार व्होल्कर समितीने २००५ मध्ये मांडले. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी नीतिमत्ता कार्यालय स्थापले आणि गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारे नियम केले.

१२/ संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी कराराचे (२००३) कलम १६ आंतरराष्ट्रीय संस्थांतील अधिकाऱ्यांच्या लाचखोरीविषयी आहे, तर कलम ३३ तक्रारदारांच्या संरक्षणाविषयी. भारताने हा करार २०११ मध्ये मान्य केला. दुसऱ्या कलमावाचून पहिले कलम कागदावरच राहते, हे दख्खनने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिले होते.

१३/ भारतात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही स्वतंत्र गुन्हा आहे. बळजबरीने दिली असेल तर सूट आहे, पण सात दिवसांत कळवण्याच्या अटीवर. १८८८ चे मामलेदार या कसोटीस उतरले असते काय? वरिष्ठाची सत्ता शाबूत असताना सात दिवसांत कोण बोलतो? ते बोलले अभयवचन मिळाल्यावर.

१४/ म्हणून या प्रकरणाचा धडा केवळ ‘कडक कायदे करा’ एवढाच नाही. बदली-बढतीचा अधिकार एका हाती एकवटू देऊ नये. तक्रार ऐकणारा त्या अधिकाऱ्याच्या हाताखालचा नसावा. आणि अभय दिले, तर ते मोडू नये. एकदा मोडलेले अभयवचन पुढच्या दहा साक्षीदारांची तोंडे बंद करते.

१५/ बाजाराला दिलेले साहेबाचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. खरे बोलून नोकरी गमावलेल्या मामलेदारांची नावे मात्र कोणाला आठवत नाहीत. लाचखोरी रोखू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने आधी या विस्मृतीचा विचार करावा.

#इतिहास #सोलापूर #क्रॉफर्ड_प्रकरण