समुपदेशकाला कोण शिकवणार?

२०२५ च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत देशभरातील न्यायालयांतून मध्यस्थीची ९० दिवसांची मोहीम राबविण्यात आली. मोटार अपघात, न वटलेले धनादेश, भाडेकरूंचे दावे, नोकरीतील वाद यांच्या जोडीला नवरा-बायकोचे दावेही मध्यस्थांसमोर ठेवण्यात आले. इतकेच नव्हे तर कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणेही त्या यादीत होती. अशा मोहिमेनंतर किती प्रकरणे मिटली याचीच चर्चा होते. मिटविणाऱ्याला कोणी काय शिकविले होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. धनादेशाच्या प्रकरणात मध्यस्थ चुकला तर पैसा बुडतो. मारहाणीच्या प्रकरणात तो चुकला तर बाई जिवानिशी जाते. दोन्हीकडच्या मध्यस्थाचे मूळ प्रशिक्षण मात्र तेच, ४० तासांचे!

मध्यस्थ हा निदान अधूनमधून येणारा पाहुणा आहे. कौटुंबिक न्यायालयात कायमचा बसतो तो विवाह समुपदेशक. छत्रपती संभाजीनगरच्या म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या कौटुंबिक न्यायालयात भीमनगर-भावसिंगपुऱ्यातून, मुकुंदवाडीतून, वाळूजच्या कामगार वसाहतींतून येणारी आपली आयाबहीण न्यायाधीशासमोर पोहोचण्याआधी या समुपदेशकासमोर बसते. म्हणून आजचा विषय समुपदेशकाच्या शिक्षणाचा. समाजबांधवांना तो कदाचित कोरडा वाटेल, पण त्यावर अनेक संसारांचे आणि काही जणींच्या जिवाचे भवितव्य अवलंबून आहे.

१९७४ साली विधी आयोगाने आपल्या ५९ व्या अहवालात सांगितले की, कुटुंबातील वाद हे शेताच्या बांधाच्या वादासारखे चालवू नयेत. महिला संघटनांनीही तीच मागणी लावून धरली आणि १९८४ साली कौटुंबिक न्यायालय अधिनियम आला. हेतू चांगला होता. पक्षकाराने घाबरू नये म्हणून कलम १३ अन्वये वकिलाला हक्काने उभे राहता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. कलम ११ नुसार कामकाज बंद दाराआड चालविता येते. कलम १४ ने पुराव्याचे नियम सैल केले. कलम ६ ने समुपदेशक दिला. महाराष्ट्रात हा समुपदेशक समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कौटुंबिक समुपदेशनाचा दोन वर्षांचा अनुभव असलेला असावा लागतो. आपल्या राज्याच्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली. समुपदेशकासमोर पक्षकार जे बोलतात ते गोपनीय ठरविले. समुपदेशकाला साक्षीला बोलावता येत नाही, त्याच्या टिपणांची नक्कल मागता येत नाही. ही गोपनीयता आवश्यकच आहे, त्याशिवाय कोण मोकळेपणाने बोलेल?

पण वकील या नात्याने आम्हाला या रचनेची दुसरी बाजू दिसते. न्यायाधीशाने चुकीचा आदेश दिला तर त्यावर उच्च न्यायालयात अपील करता येते. वकिलाने चुकीचा प्रश्न विचारला तर हरकत घेता येते. समुपदेशकाच्या खोलीत मात्र वकील नाही, साक्षीदार नाही, नोंद नाही. ‘ताई, थोडं सहन करा, पोरांकडे बघा’ हे वाक्य तिथे उच्चारले गेले तर ते कोणत्याही कागदावर उमटत नाही. बाहेर येतो तो एवढाच निष्कर्ष की, समेट झाला अथवा झाला नाही. त्या खोलीवर अपील होत नाही! तिथे बसलेल्या माणसाचे शिक्षण, त्याची दृष्टी आणि त्याचे संस्कार हाच त्या बाईसाठी एकमेव बचाव उरतो. आणि नेमका तोच भाग आपण नशिबावर सोडून दिला आहे.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे कलम ९ न्यायालयावर समेटाचे कर्तव्य टाकते. पण त्याच कलमात शब्द आहेत की, प्रकरणाचे स्वरूप आणि परिस्थिती पाहून शक्य असेल तेथे. प्रत्यक्षात हे शब्द वाचलेच जात नाहीत. (हिंदू विवाह अधिनियमाचे कलमही ९ च, आणि ते नांदायला येण्याच्या दाव्याचे. बाईला परत पाठविणे आणि कलम ९ यांचे काय नाते आहे कोण जाणे!) त्याहून मोठी गंमत हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ (२) मध्ये आहे. घटस्फोटाचा अर्ज आला की न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करावा, असे ते सांगते आणि मग काही कारणांना सूट देते. नवऱ्याने धर्म बदलला असेल, संन्यास घेतला असेल, सात वर्षे त्याचा पत्ता नसेल, त्याला मनोविकार असेल तर समेटाचा प्रयत्न करण्याची गरज नाही. नवऱ्याने बायकोचा हात मोडला असेल तर? क्रूरता हे कारण त्या सुटीच्या यादीत नाही. म्हणजे नवरा साधू झाला तर बाई सुटली, राक्षस झाला तर आधी त्याच्याशी जुळवून घेण्याचा प्रयत्न करा. हा कायदा १९५५ चा आहे आणि हे कलम आजही तसेच आहे.

याच्या उलट २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा घ्या. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. त्याखालील नियमांतील १४ वा नियम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. समुपदेशनाचा हेतू काय, तर हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी मिळविणे. प्रतिवादीला आपल्या मारहाणीचे समर्थन करता येणार नाही आणि हे त्याला बैठक सुरू होण्यापूर्वीच सांगायचे. ‘ती उलट बोलली म्हणून हात उचलला’ हे वाक्य तिथे ऐकूनच घ्यायचे नाही. तडजोडीचा प्रयत्न कधी करायचा, तर पीडितेची इच्छा असेल तेव्हा. समुपदेशन एकेकट्याचे करायचे की दोघांना समोरासमोर बसवायचे, हा पर्यायही कायद्याने खुला ठेवला आहे.

बाई तीच, नवरा तोच, शहरही तेच. ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली तर तिच्या मागे नियम १४ उभा राहतो. पोटगीसाठी किंवा घटस्फोटासाठी कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढली की हिंसा हा ‘दोघांमधला गैरसमज’ होतो. वास्तविक २००५ च्या कायद्याचे कलम २६ सांगते की, संरक्षणाचे आदेश कौटुंबिक न्यायालयातही मागता येतात. मग नियम १४ ची शिस्त त्या इमारतीत का शिकविली जाऊ नये? इंग्लंडमध्ये २०१४ पासून कौटुंबिक अर्जापूर्वी मध्यस्थीच्या माहिती बैठकीला जाणे सक्तीचे झाले, पण घरात हिंसा झाल्याचा पुरावा असेल तर त्या सक्तीतून सूट ठेवली. आपल्याकडे असा दाखला द्यायलाही लांब जाण्याची गरज नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या छपराखाली बसविल्या. हिंसा थांबविणे आधी, बाकी सगळे नंतर, हा तेथील कामाचा पाया. कौटुंबिक न्यायालयाचा कायदा आणि हा कक्ष एकाच वर्षी जन्मले, पण एकाचा धडा दुसऱ्याने गिरविला नाही.

प्रशिक्षणाचा दुसरा अर्धा भाग आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याचा विचार पुस्तकी अभ्यासक्रम करीतच नाहीत. समुपदेशनाची पुस्तके ज्या कुटुंबाला गृहीत धरतात त्या कुटुंबात नवरा पगार आणतो, बायको घर सांभाळते आणि दोघांत ‘संवाद’ हरवलेला असतो. आमच्या माणसांचे कुटुंब असे नाही. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचे घ्या. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे मजूर मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीवर. बायको माहेरी निघून आली की नवऱ्याचा नुसता संसार मोडत नाही, त्याचा कोयता मोडतो आणि उचलीची फेड अंगावर येते. मग तो नांदायला येण्याचा आग्रह धरतो, वेळ पडली तर दावा लावतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती राहते तेथे घटस्फोटाचा अर्ज करता येऊ लागला, म्हणून शहरातल्या भावाकडे आलेली अशी बाई इथल्या न्यायालयात येते. समोर नवरा हात जोडून रडतो आहे, ‘साहेब, हिला पाठवा, मी नीट नांदवतो’. ज्याला कोयता आणि उचल हे शब्द माहीत नाहीत तो समुपदेशक या रडण्याला प्रेम समजेल. ज्याला माहीत आहेत तो आधी विचारील, उचल किती घेतली आणि टोळी कधी निघणार? तारीखही तशीच. हंगामात पडलेल्या तारखेला पक्षकार सांगली-कोल्हापूरकडे फडात असतो आणि कागदावर ‘गैरहजर’ लागते.

वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघाले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले की, पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. निकाल उत्तम आहे. पण ठेकेदाराच्या कामगाराकडे पगारपत्रकच नसते, जादा कामाचे पैसे रोख मिळतात, आणि बायकोला आकडा ठाऊक नसतो. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य कामगार विम्याचे कार्ड यांतून मजुरी शोधून काढता येते. हे बाईला पहिल्याच भेटीत सांगणारा कोणी न्यायालयात असला पाहिजे. त्याऐवजी ‘दोन हजारांत मिटवा’ असा सौदा होतो आणि त्याला समेट म्हणतात.

धर्म आणि रूढीचे अज्ञान तर विचारूच नये. बौद्धांना हिंदू विवाह अधिनियम लागू आहे, पण आपला विवाह त्रिसरण-पंचशील घेऊन, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर प्रतिज्ञा करून होतो. तिथे होम नाही, सप्तपदी नाही. कलम ७ नुसार रूढीप्रमाणे झालेला विवाह वैध ठरतो, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. अशा वेळी समोरच्याने ‘सात फेरे झाले का?’ असे विचारले की बाई ‘नाही’ म्हणते आणि आपल्याच तोंडाने आपले लग्न संशयात टाकते. मुस्लीम भगिनींचेही तेच. नुसत्या कैफियतीत तलाक दिल्याचे लिहून तलाक सिद्ध होत नाही, आधी समेटाचा प्रयत्न झाल्याचे दाखवावे लागते, हे दगडू पठाण प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने याच औरंगाबादेत २००२ साली सांगितले. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लीम महिलेचा पोटगीचा हक्क पुन्हा अधोरेखित केला. ज्या शहरात कायदा घडला त्या शहरातील समुपदेशकाला तरी तो शिकविला गेला पाहिजे.

इथे आपल्याच वस्तीकडेही पाहावे लागेल. न्यायालयापर्यंत न जाता समाजमंदिरात बैठक बसते. पाच-सात ज्येष्ठ मंडळी, सगळे पुरुष, ‘समाजाची अब्रू’ म्हणून बाईला परत पाठवितात, नाहीतर मुद्रांकावर फारकत लिहून मोकळे होतात. रूढीने मिळणारी फारकत कलम २९ ने राखून ठेवली आहे हे खरे, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध झाली नाही तर त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेली बाई दोन्हीकडून उघडी पडते. हिंदू कोड बिलासाठी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, गुलाम होऊ नये. त्या भाषणाचे स्मरण आपण करतो आणि बैठकीत मात्र तिला खाली बसवितो. बैठकीत बसणाऱ्यांनाही प्रशिक्षण हवे, आणि त्यांच्यात निम्म्या स्त्रिया हव्यात.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही आणि तिला संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. कलम २१ खाली उच्च न्यायालयाला आणि कलम २३ खाली उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्य शासनाला नियम करता येतात. पहिल्या भेटीत बाईला एकटीला भेटायचे आणि हिंसेबद्दल थेट विचारायचे, एवढा एक नियम आला तरी खूप काही बदलेल. नियम १४ ची तत्त्वे समुपदेशक, मध्यस्थ, न्यायाधीश आणि आम्ही वकील या सर्वांना दरवर्षी शिकवावीत. समुपदेशकाचे यश समेटांच्या संख्येवर मोजू नये. शिकविणाऱ्यांत विशेष कक्षाच्या कार्यकर्त्या असाव्यात, ऊसतोड कामगारांत काम करणारे असावेत, केवळ निवृत्त न्यायाधीश नकोत. याच शहरात नागसेनवन आहे, विद्यापीठ आहे, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. शिकविण्याला जागा आणि माणसे यांची वाण नाही.

आणि कलम ५ कडे आपल्या महिला मंडळांनी लक्ष द्यावे. समाजकल्याणाचे काम करणाऱ्या संस्थांना आणि व्यक्तींना कौटुंबिक न्यायालयाशी जोडून घेण्याची तरतूद त्यात आहे. समाजकार्याची पदवी घेतलेल्या कितीतरी मुली आज आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांची नावे, शिक्षण आणि अनुभव यांची यादी करून मंडळांनी ती अर्जासोबत प्रमुख न्यायाधीशांकडे द्यावी आणि अर्जाची पोच घ्यावी.