विश्लेषण : छायाचित्रातला उजेड फाइलमध्ये टिकतो का?

वेरुळच्या कैलास लेण्यात भर दुपारी उन्हातले शिखर आणि ओवरीतल्या सावलीतले शिल्प, दोन्ही डोळ्यांना दिसतात. कॅमेऱ्याला ते एका क्लिकमध्ये सहसा साधत नाही. म्हणून कमी-अधिक उजेडाची अनेक छायाचित्रे जोडून 'एचडीआर' छायाचित्र तयार होते. पण ते चुकीच्या फाइलमध्ये साठवले, तर मिळवलेला तपशील कायमचा हातचा जातो.

जेपेगची अडचण काय?

१९९२ च्या या प्रमाणकाची नेहमीची फाइल ८ बिटची असते. म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या प्रत्येकी फक्त २५६ पायऱ्या. कॅमेऱ्याच्या १४ बिट 'रॉ' फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. त्यामुळे जेपेगमधली सावली नंतर उजळायला गेले, की आकाशात आणि भिंतींवर पट्टे उमटतात. शिवाय संपादन करून पुन्हा साठवताना दर्जा आणखी घसरतो.

मग मूळ प्रत कशात ठेवावी?

रॉमध्येच. मात्र प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी असते. त्यावर अडोबीने २००४ मध्ये आणलेला, तपशील जाहीर असलेला 'डीएनजी' हा बरा उपाय आहे. जोडलेल्या छायाचित्रासाठी 'ओपनईएक्सआर' उत्तम. 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या चित्रपट तंत्रज्ञान कंपनीने तो २००३ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पडद्याच्या क्षमतेपलीकडचा उजेडही त्यात नोंदवता येतो. तो अवघड वाटल्यास १६ बिट 'टिफ' चालेल.

पाठवायचे कशात?

अँड्रॉइड १४ सोबत २०२३ मध्ये आलेल्या 'अल्ट्रा एचडीआर'मध्ये साध्या जेपेगसोबतच वाढीव उजेडाचा नकाशा असतो. जुना पडदा साधे चित्र दाखवतो, नवा पडदा उजळ. 'एव्हीआयएफ'मध्ये १० किंवा १२ बिट मिळतात आणि फाइलही लहान होते. 'जेपेग एक्सएल' गुणवान असूनही क्रोमने २०२३ मध्ये त्याचा प्रायोगिक आधार काढला. नुसत्या गुणवत्तेवर फॉरमॅट टिकत नाही, हा त्याचा धडा.

निवड कोणाची?

रॉ फाइल जागा खाते, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक छायाचित्राला तिची गरजही नाही. पण घरचे लग्न किंवा पडझडीला आलेला वाडा पुन्हा टिपता येत नाही. अशा वेळी मूळ प्रत जपण्याचा पर्याय फोनच्या सेटिंगमध्ये खोल दडलेला असणे योग्य नव्हे. कंपन्यांनी तो समोर ठेवायला हवा. रॉपासून जेपेग केव्हाही करता येते, जेपेगपासून रॉ मात्र कधीच नाही.