किल्ली की पाना?

मोटारगाडीचा विषय कला शाखेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. विचारणाऱ्याने एखाद्या संध्याकाळी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या किंवा बदलापूर पश्चिमेच्या एखाद्या गॅरेजसमोर दहा मिनिटे उभे राहावे. जुन्या गाडीला रुंद चाके, स्प्रिंगा कापून खाली बसवलेले धूड, मागे शेपटीसारखा स्पॉयलर आणि गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दचकवणारा सायलेन्सर. ही आमच्याकडची ‘स्पोर्ट्स कार’. काटई-बदलापूर रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकाला तिचे पोट खरवडते, ती गोष्ट निराळी. ही गाडी घडते कशी? मुलगा पैसे मोजतो, मिस्त्री काम करतो आणि बाप घरी कपाळाला हात लावून बसतो. तिघांची तोंडे तीन दिशांना. मला लिहायचे आहे ते ह्याहून वेगळ्या, क्वचितच दिसणाऱ्या प्रकाराविषयी : आईबापांपैकी कोणी एक आणि मूल, असे दोघे मिळून एखादी गाडी उघडतात, बदलतात आणि पुन्हा जोडतात. हा प्रकार आपल्या गावांत वाढावा असे माझे मत आहे. तो का वाढत नाही ह्याचे कारण मात्र मोटारीत नसून आपल्या घरांत आहे.

आधी परदेशातले एक उदाहरण सांगतो, कारण ते फारच बोलके आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात लेस मॅक्लारेन नावाचे एक गॅरेजवाले गृहस्थ होते. १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर ही जुनी स्पोर्ट्स कार सुट्या भागांच्या रूपात विकत घेतली. इंजिन जेमतेम ७४७ सीसीचे. आपली मारुती ८००देखील त्याहून थोडी मोठी! मुलगा ब्रूस तेव्हा शाळेत होता. कमरेच्या हाडाच्या विकाराने त्याची दोनेक वर्षे रुग्णालयात गेली होती आणि एक पाय आखूड राहिला होता. बापलेकांनी ते तुकडे जोडले, गाडी सुधारली आणि १९५२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, हा मुलगा तिच्यात बसून चढणीच्या शर्यतीत उतरला. त्याने १९६३ साली काढलेला मॅक्लारेन हा शर्यतीचा संघ आज जगभर माहीत आहे. पण संघ निघाला म्हणून ते काम मोलाचे ठरले, असे मला म्हणायचे नाही. तो निघाला नसता तरी, लंगडणाऱ्या एका मुलाला बापाने खोक्यातले यंत्र दाखवून ‘चल, हात लाव’ म्हटले, एवढ्यानेच माझे समाधान झाले असते.

आता महाराष्ट्रात येऊ. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार ह्यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातले सामान जमवून एक छोटी जीप केली. खर्च साठ हजारांच्या आसपास. इंजिन दुचाकीसारखे किक मारून चालू होणारे. २०२१च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली आणि आनंद महिंद्रांनी ती गाडी घेऊन बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. वर्तमानपत्रांनी ह्याला ‘जुगाड’ म्हटले. मला हा शब्द आवडत नाही. ज्याच्याकडे पदवी नाही त्याने केले तर जुगाड आणि पदवीधराने केले तर प्रोटोटाइप, असा हा शब्दांचा जातिभेद आहे.

जातिभेद म्हटल्यावर एक खरा आणि अवघड प्रश्न समोर येतो. बापाने हातातले कसब मुलाला द्यावे असे मी म्हणतो, तेव्हा ह्या देशात हजार वर्षे तेच चालले होते, हे विसरून कसे चालेल? आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरावर १०६० सालचा शिलालेख आहे. ज्या पाथरवटांनी ते दगड कोरले त्यांच्या मुलांना ‘बेटा, तुला काय व्हायचे आहे?’ असे कोणी विचारले असेल काय? जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हा विचार डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच मांडला. तेव्हा आपल्या आईवडिलांनी ‘तू हात काळे करू नकोस, शीक’ असा जो धोशा लावला, तो अडाणीपणा नव्हता. ते पिंजऱ्यातून सुटण्याचे साधन होते. माझ्यासारखे कित्येक जण ह्या महाविद्यालयाच्या बाकावर बसले आहेत ते त्याच धोशामुळे.

माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. लेथवर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत माप राखणारा माणूस! पण घरात पाऊल टाकण्यापूर्वी ते कोपरापर्यंत हात धूत आणि कामाचा शब्द काढीत नसत. ते नेमके काय करतात हे मला बारावीपर्यंत ठाऊक नव्हते. ही कथा माझ्या एकट्याची नाही. मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, आयुध निर्माणी, शहाडचे सेंच्युरी रेयॉन, बदलापूरची औद्योगिक वसाहत : ह्या पट्ट्यात फिटर, टर्नर, वेल्डर ह्यांच्या दोन-तीन पिढ्या नांदल्या. १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या निर्वासितांच्या छावणीत तर लोकांनी रिकाम्या हातांनी धंदे उभे केले आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ ही थट्टाही हसत पचवली. नक्कल करायलासुद्धा अस्सल वस्तू आतून उघडून पाहावी लागते, हे थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आज त्यांची नातवंडे सकाळी लोकल पकडून कुठल्याशा कचेरीत पडद्यासमोर बसतात. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढेच की आजोबांचे कसब त्यांनी नाकारले नाही. ते त्यांना कधी दाखवलेच गेले नाही.

म्हणून मला गाडीचे महत्त्व वाटते, आणि तीही स्पोर्ट्स कारसारखी अगदी बिनगरजेची. धंदा बाप मुलावर लादतो; हौस मात्र मुलाची असते. देवराष्ट्रे येथे हट्ट मुलाचा होता आणि हात बापाचे होते. इथे वारसा उलट्या दिशेने चालतो : मूल मागते आणि बाप आपल्या पोतडीतले काढून देतो. शिवाय हा वारसा मुलीलाही मिळू शकतो. परंपरेने तो तिला कधीच मिळाला नाही. आणि जिच्या हाताखाली उल्हासनगरच्या जीन्स शिवल्या जातात त्या आईने गाडीच्या सीटचे कव्हर बेतून मुलाला शिलाई शिकवली, तर तेही ह्याच हिशेबात धरावे.

ह्यावर कोणी म्हणेल, वेगाच्या नादाने पोरे मरतात, त्यात आईबापांनीही सामील व्हायचे काय? आक्षेप रास्त आहे. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा, एका मुलाचा आणि एका मुलीचा, बळी घेतला. गाडीवर नोंदणीचा क्रमांकही नव्हता. मुलाला पहिल्यांदा जामीन मिळाला तो तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह. (निबंध ह्या वाङ्मयप्रकाराची इतकी नाचक्की आमच्या परीक्षांनीही केली नव्हती.) पण मी म्हणतो, त्या प्रसंगात मुलाच्या हाती आली होती ती किल्ली. ज्याने ब्रेकचे ड्रम स्वतः उघडले, झिजलेले लायनर बोटाने चाचपले, त्याला गाडी थांबण्याला किती अंतर लागते हे पाठ्यपुस्तकाने सांगावे लागत नाही. बाबांना मी अलीकडे विचारले, गाडीचा वेग वाढवायचा तर सुरुवात कुठून करायची? उत्तर आले, “ब्रेकपासून. आणि तो सायलेन्सर काढायच्या भानगडीत पडू नकोस. त्याने आवाज वाढतो, ताकद वाढेलच असे नाही.” एवढे एक वाक्य गल्लीतल्या अर्ध्या ‘स्पोर्ट्स कार’ निकालात काढायला पुरेसे आहे.

कायदा मात्र ह्या बाबतीत किल्ली आणि पाना ह्यांत फारसा भेद करीत नाही. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्याच्या १९९-अ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड आहे, हे योग्यच. पण कलम ५२ म्हणते की नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ कारखान्याच्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम तसेच कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. सीएनजी बसवता येते, अपंगांसाठी फेरबदल करता येतो; पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात जपली तर २०२१पासून तिला खास नोंदणीही मिळते. म्हणजे जपणाऱ्याला मान आहे, घडवणाऱ्याला नाही. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकट्यादुकट्या गाडीची सरकारी तपासणी होते. ब्रेक, दिवे, सुकाणू, धूर, सारे पाहून ती रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडे एमएच-०५चा क्रमांक देणाऱ्या कल्याणच्या परिवहन कार्यालयात असा एखादा दिवस महिन्यातून ठेवणे अशक्य कोटीतले आहे काय? कर्कश सायलेन्सरवाल्यांना तिथल्या तिथे परत पाठवता येईल, हा फायदा वेगळाच.

तोवर गाडी रस्त्यावर न आणताही पुष्कळ करता येते. भंगारातले इंजिन ओट्यावर उघडायला नोंदणी लागत नाही. आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी रांगोळी आणि पुष्परचनेचे दालन असते. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी एक टेबल पालक आणि विद्यार्थी ह्यांनी मिळून उघडलेल्या किंवा जोडलेल्या यंत्रांसाठी मिळावे, अशी प्राचार्यांना विनंती आहे. टेबल मजबूत हवे, खाली वर्तमानपत्रे अंथरावी लागतील, आणि कॉटन वेस्टचा खर्च मंडळाने सोसावा. बाबांना मी विचारले आहे. ते नाही म्हणालेले नाहीत. कार्बोरेटर कुठला आणशील, एवढेच विचारले.